टोपली घेऊन ये

॥ श्री मारिकांबा प्रसन्न ॥

सुरगीमने, ता. शिरशी
१४ जुलै १९९६

सौ. त्रिवेणीताई यांस,
कमलाक्षी हेगडे हिचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र पोस्टमनने छत्रीच्या पोटात गुंडाळून आणलं, तरी निम्मी शाई पावसाने वाचलीच. उरलेलं मी वाचलं. फोन तर घाटातलं झाड तारांवर पडल्यापासून मुका आहे. गणपतीपर्यंत तो तोंड उघडेल असं वाटत नाही. तेव्हा लेकीची खुशाली हवी असेल तर म्हातारीचं वेडंवाकडं अक्षर लावून घ्यायची सवय करा.

सहना मजेत आहे. आल्या आल्या पायाला जळू चिकटली तेव्हा तिने अख्खं गाव गोळा केलं होतं, आता बोलता बोलता चुना लावते आणि काढून टाकते. माझ्या हातची ताकातली तंबळी तिला आवडते, की आवडते असं दाखवते कोण जाणे. माझा श्रीपाद बेंगळुरूची नोकरी सोडून सुपारीच्या बागेत परतला तेव्हा लोक म्हणत होते की शहरातली मुलगी इथे पावसाळा काढायची नाही. निम्मा पावसाळा तर निघाला.

रुखवतात लोक चांदीची भांडी देतात, तुम्ही मातीने भरलेला बिस्किटांचा डबा दिलात. मांडवात मी मनात म्हटलं, बाई विक्षिप्त दिसते. आता ते शब्द गिळते. त्या डब्यातले तुमचे पिवळे डेलियाचे कंद अंगणात असे तरारलेत की काय सांगू. पहिलं फूल जेवणाच्या ताटाएवढं आलं. आमच्या गावात मरून रंगाचा आहे, पांढरा आहे, गुलाबी तर घरोघरी आहे, पण पिवळा कुणी पाहिला नव्हता. सहनाने वाफ्याभोवती बांबूच्या कामट्यांचं भक्कम कुंपण घातलंय. झारीत एक झाडबेडूक राहायला आलाय, म्हणून हल्ली झारीला हात लावायची मला बंदी आहे.

बायका येतात, ओट्यावर बसून जातात. टोपल्या मात्र घरी ठेवून येतात. पाऊसच तसा आहे.

कळावे. लोभ आहे, तो असाच ओला राहावा.

आपली,
कमलाक्षी

॥ श्री चामुंडेश्वरी प्रसन्न ॥

म्हैसूर
२५ जुलै १९९६

ती. कमलाक्षीताई यांस,
त्रिवेणी भट हिचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं, आनंद झाला. विक्षिप्त म्हणालात तेही पावलं. आमच्या घरात हा शोध तीस वर्षांपूर्वीच लागलाय. तुम्ही उशिरा पोचलात.

इकडे गच्चीवर माझा संसार तेलाच्या डब्यांत आणि फुटक्या बादल्यांत सुरू आहे. टांगलेल्या नेच्याच्या खाली सूर्यपक्ष्याने घरटं बांधलंय, तेव्हा पाणी घालायला मी चोरपावलांनी जाते. आमचे हे म्हणतात की माझ्या आईला कधी एवढं सांभाळलं नाहीस.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण लेकीने लिहिलं. तिने म्हणे एका बाईला रंगेहाथ पकडलं. ऐन दुपारी अंगणात शिरून ती पिवळ्या डेलियाचे कोंब खुडून टोपलीत भरत होती. सहनाने हटकलं, लाज नाही वाटत का म्हणून विचारलं, सगळे कोंब टोपलीतून काढून घेतले आणि तिला फाटकाबाहेर घालवलं. तुम्ही आत चुलीशी होता म्हणे. ती बाई एक शब्द न बोलता गेली. चोराला तोंड कुठून असणार!

मला फार अभिमान वाटला. ही मुलगी लहानपणी दुकानदाराकडून सुटे पैसे परत मागायला लाजायची. शेजारणींना मी पत्र वाचून दाखवलं. पण ताई, तुमच्याकडे भरदिवसा असं चालतं? आणि तुम्ही हे मला का कळवलं नाहीत? सूनबाईचं कौतुक करताना हात आखडलात की काय, अशी शंका येते. रागावू नका, विहिणीने थोडं टोचून बोलावं असा रिवाज आहे.

लोभ करताच, त्यात काटकसर नको.

आपली,
त्रिवेणी

सुरगीमने
६ ऑगस्ट १९९६

सौ. त्रिवेणीताई यांस स. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. उत्तर लिहायला बसले आणि उठले. पण झाकून ठेवलं तर तुम्ही शेजारणींना आणखी काही वाचून दाखवाल, म्हणून लिहिते.

ती बाई चोर नव्हती. ती यमुनक्का, ओढ्यापलीकडच्या घरची. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या सासूच्या तावडीतून मला वाचवणारी, श्रीपादच्या वेळी रात्रभर माझ्या उशाशी बसलेली. आणि ती चोरी करत होती हेही खरं.

तुमच्या घराण्याला म्हैसुरात तीन पिढ्या झाल्या, तेव्हा तुम्हाला हे ठाऊक नसेल. आमच्याकडे रोप कुणी मागत नाही आणि कुणी हाताने देत नाही. दिलेलं रोप रुसतं, चोरलेलं धरतं, असं मानतात. म्हणून पाहुणी रिकामी टोपली घेऊन येते, फुलांकडे बघते, गप्प बसते. मग घरची बाई म्हणते की बसा, कषाय करते, म्हणजे आमचा धणे-जिऱ्याचा दुधातला काढा, आणि आत जाते. आत तिने भांडी वाजवायची, म्हणजे बाहेरचीला कळतं की अजून वेळ आहे. बाहेर येऊन टोपलीकडे बघायचं नाही. चोरणारीने मूळ झाड शाबूत ठेवायचं आणि आभार मानायचे नाहीत. माझ्या अंगणातली निम्मी झाडं अशीच आली आहेत.

त्या दुपारी मी कषाय करायला आत गेले होते ती मुद्दाम गेले होते. शिवाय यमुनक्का माझ्या झाडांकडे वळलीच नाही. नव्या सुनेच्या वाफ्याशी गेली. नव्या सुनेचं रोप पहिल्यांदा कुणी चोरून नेलं, की ती या गावची झाली असं आम्ही समजतो. यमुनक्का थोरली, म्हणून तो मान तिचा. तो मान द्यायला आलेल्या बाईला माझ्या सुनेने फाटकाबाहेर काढलं. मी बाहेर आले तेव्हा सहना विजयी चेहऱ्याने मला कोंब दाखवत होती.

संध्याकाळी मी यमुनक्काकडे गेले. ती हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. मला तुळशीवर हात ठेवायला लावला आणि शपथ घातली की पोरीला यातलं काही सांगायचं नाही. म्हणाली, ते कळलं तर ती लाजेने मान वर करायची नाही, आणि लाजलेली सून पहिल्या गाडीने माहेर गाठते. गावातल्या दोन शहरी सुना अशाच गेल्या. तेव्हापासून यमुनक्का इकडे फिरकलेली नाही. पोरीला अवघड वाटू नये म्हणून येत नाही म्हणते, पण दुखावली आहे, मी तिला ओळखते. बाकीच्या बायका येतात त्या टोपलीशिवाय. ज्या घरी चोर म्हणतात तिथे कोण टोपली नेणार?

सहना मला विचारते की इथल्या बायका माझ्याशी दोन शब्दांपलीकडे का बोलत नाहीत. मी म्हणते, पाऊस.

तुमची,
कमलाक्षी

म्हैसूर
१८ ऑगस्ट १९९६

ती. कमलाक्षीताई यांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी गच्चीवर जाऊन बसले ते दिवेलागणीलाच खाली आले. शेजारणींना मी ज्या तोंडाने ते पत्र वाचून दाखवलं तेच तोंड आता त्यांना चुकवत फिरते आहे.

मुलीला आम्ही हेच शिकवलं होतं. आमच्या गल्लीत झाड हवं असेल तर रोपवाटिकेत जाऊन पैसे मोजायचे, आणि कुंडीला हात लावणाऱ्याला हटकायचं. तिने शिकवलं तसं केलं. तरी त्या माउलीला लाज नाही वाटत का असं विचारलं गेलं, हे काही केल्या मनातून जात नाही.

पण ताई, मला तुमचाही राग आलाय, आणि तो लिहून टाकते. तुम्ही दोघी मिळून माझ्या मुलीला जपता आहात, काचेच्या बरणीसारखं. घरच्या मुलीने चूक केली असती तर तुम्ही पाठीत धपाटा घातला असता आणि तिथल्या तिथे संपवलं असतं. हिला तुम्ही पाऊस पाऊस म्हणून झुलवता. अशाने ती पाहुणीच राहील. आणि पाहुणी कधी ना कधी परत जातेच, तिला कुणी लाजवलं नाही तरी.

शपथ तुमची, तुम्ही पाळा. माझ्याकडून काही हवं असेल तर निःसंकोच सांगा.

आणखी एक वाईट बातमी. परवा टेकडीवरची माकडं गच्चीवर उतरली आणि सगळ्या कुंड्यांचा चुराडा करून गेली. सूर्यपक्ष्याची पिल्लं त्याआधीच उडाली, तेवढं नशीब. माझा पिवळा डेलिया मुळासकट संपला. वीस वर्षं सांभाळला होता. पहिला कंद आणला तेव्हा सहना रांगत होती, आणि तिने तो चावून पाहिला होता. जाऊ दे. तुमच्या अंगणात आहे, म्हणजे आहेच.

राग आणि लोभ दोन्ही तुमच्यावरच आहे. पैकी लोभ ठेवून घ्यावा.

आपली,
त्रिवेणी

सुरगीमने
२४ नोव्हेंबर १९९६

सौ. त्रिवेणीताई यांस स. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, आणि फोन अजूनही मुकाच. तुमचं म्हणणं खरं होतं आणि शपथही खरी होती. मध्ये मी अडकले. आता मात्र गप्प राहून चालणार नाही.

गेल्या आठवड्यात साळिंदर आलं. कंद काढायला आम्ही चार दिवस थांबलो होतो, सुपारीची कापणी सुरू होती, हात रिकामे नव्हते. सकाळी बघितलं तर वाफा उकरलेला. कामट्यांचं कुंपण जागच्या जागी, त्याच्या खालून बीळ. सहनाने शेण घालून भुसभुशीत केलेली माती, त्याला तर मेजवानीच झाली. पिवळ्याचा एकही कंद उरला नाही. माझा मरून डेलिया निम्मा गेला, पण त्याचं मला काही वाटलं नाही. तो गावात दहा अंगणांत आहे. दुसऱ्याच्या अंगणात गेलेलं बियाणं साळिंदराला सापडत नाही, असं माझी सासू म्हणायची. म्हणून तर चोरू द्यायचं असतं. पिवळा मात्र एकट्या सहनाचा होता. कुंपणाने माणसं तेवढी अडली.

पोर रडली नाही. साळिंदराचा एक काटा उचलून तिने बाजूला ठेवला. मग कुंपण उपटून न्हाणीच्या चुलीत घातलं. तुमचा डेलिया माकडांनी मोडल्याचं तिला ठाऊक होतं. मला म्हणाली की आईने मला एवढी एकच गोष्ट जपायला दिली होती. परवाच तिने श्रीपादला म्हैसूरच्या गाडीचं डिसेंबरच्या मध्याचं तिकीट काढायला सांगितलं. चार दिवस जाऊन येते म्हणते. चार दिवसांसाठी तिने दोन ट्रंका भरल्या आहेत.

त्रिवेणीताई, ती परत आली नाही तर श्रीपादही इथे राहणार नाही, आणि त्याने राहावं असं मी म्हणणारही नाही. पण मला ती हवी आहे. सून म्हणून नाही. सकाळी ती झारीतल्या बेडकाशी बोलते ते ऐकल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही, म्हणून.

तुळशीवर हात मी ठेवला होता, तुम्ही नाही. तेव्हा तुम्ही तिला सगळं लिहा. आणि तिला यमुनक्काकडे पाठवा. माफी मागायला नको. टोपली घेऊन. का ते मला विचारू नका. मला काही माहीत नाही, मी त्या वेळी स्वयंपाकघरात होते.

तुमची,
कमलाक्षी

म्हैसूर
१ डिसेंबर १९९६

चि. सौ. सहना हिस आईचे अनेक आशीर्वाद.

सोबत तुझ्या सासूबाईंचं ऑगस्टातलं पत्र पाठवते आहे. आधी ते वाच, मग हे. पाणी पिऊन बस.

वाचलंस? आता रडून घे. मीही रडले होते. तू चूक केलीस ती माझ्या शिकवणीने केलीस, तेव्हा निम्मी लाज माझ्याकडे राहू दे.

तिकीट काढलं असशील तर रद्द कर. माहेर कुठे पळून जात नाही, पण अशा वेळी आलीस तर तू आलीस असं होणार नाही, पळालीस असं होईल. त्या दोघी बायका इतके महिने तोंडाला कुलूप लावून बसल्या ते तू पळू नयेस म्हणून. डेलियाचं दुःख करू नकोस. तुला तो जपायला दिला होता हे खरं, पण तू फुलासाठी माणसांना बाहेर ठेवावंस म्हणून नव्हे.

यमुनक्कांकडे जा. तुझ्या सासूबाईंचा निरोप आहे की रिकामी टोपली घेऊन जायचं, माफी मागायची नाही, काही मागायचं नाही. मला विचारशील की मग करायचं काय, तर मलाही ठाऊक नाही. त्या सांगतात तसं कर. एवढ्या महिन्यांत मला विहिणीचं म्हणणं पहिल्यांदा निमूट ऐकावंसं वाटलं.

श्रीपादरावांना आशीर्वाद.

तुझी,
आई

॥ श्री मारिकांबा प्रसन्न ॥

सुरगीमने
११ डिसेंबर १९९६

ती. आईस,
सहनाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. सासूबाईंनी एकदाही जेव म्हटलं नाही, नुसतं ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी टोपली उचलली. त्यांनी ते पाहिलं आणि लगेच गोठ्याकडे तोंड फिरवलं.

ओढ्यावरच्या साकवापर्यंत गेले आणि दोनदा मागे फिरले. तिसऱ्यांदा ओढा ओलांडला. यमुनक्का ओट्यावर सुपारी कातरत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, की ये म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने पाट पुढे सरकवला. आमची गाय व्याली का, म्हणून विचारलं. श्रीपाद बारीक झालाय, म्हणाल्या. माझ्या तोंडातून माफीचा शब्द निघणार तोच त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाल्या की बस, कषाय करते. आणि आत गेल्या.

मी अंगणात एकटी. काय करायचं कळेना. अंगणात तर नेहमीचाच गुलाबी डेलिया होता, तोही वाळत आलेला. आत भांड्यांचा असा दणदणाट सुरू झाला की जणू पंगत उठते आहे. मग त्यांनी आतूनच ओरडून सांगितलं की दूध अजून काढायचंय, त्याला वेळ लागेल, आणि गोठ्याच्या मागे बघण्यासारखं काही नाही, तिकडे जाऊ नकोस.

मी गेले. गोठ्याच्या मागे, शेणखताच्या ढिगाशेजारी, आपला पिवळा डेलिया उभा होता. उशिरा लावलेला, म्हणून एक फूल अजून टिकलं होतं, बशीएवढंच. भिंतीला खुरपं टेकवून ठेवलं होतं, धुतलेलं. मी मातीत बसले आणि मोठ्याने रडले. भांडी आणखी जोरात वाजायला लागली.

निम्मे कंद घेतले, निम्मे जागेवर ठेवले, माती सारखी केली. ओट्यावर आले तर गरम कषाय आणि तोडदेवाची, उसाच्या रसातल्या त्या कागदासारख्या पातळ गोड पोळीची, घडी तयार. यमुनक्कांनी टोपलीकडे पाहिलं नाही. कोपरापर्यंत मातीने भरलेल्या माझ्या हातांकडे पाहिलं आणि हात धुऊन घे म्हणाल्या, बस. मी आभार मानले नाहीत. फार कठीण गेलं.

फाटकाशी पोचले आणि मागून त्यांनी बोंब ठोकली, की धावा गं, कमलाक्षीची सून मला लुटून चालली, हिला लाज नाही वाटत का. आजूबाजूच्या घरांतून बायका बाहेर आल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. मीही हसले, आई, रडत रडतच. तेवढ्यात त्या पुन्हा ओरडल्या, की खरी चोर तुझी सासू आहे, त्या संध्याकाळी तुझ्याच वाफ्यातला कोंब पदराखाली लपवून आणला आणि माझ्या गोठ्यामागे टाकून गेली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. घरी येऊन मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की मला काही माहीत नाही, मी स्वयंपाकघरात होते. मग मात्र त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. का, ते सांगितलं नाही.

तिकीट रद्द केलं. एक ट्रंक रिकामी केली. दुसरीत राख भरून कंद ठेवलेत. साळिंदराला कुलूप उघडता येत नाही, असं श्रीपाद म्हणतो.

काल यमुनक्का आल्या, टोपली घेऊन. आमच्या वाफ्यात आता चोरण्यासारखं काहीच नाही, नुसती उकरलेली माती. मी म्हटलं की बसा, कषाय करते. आत गेले, भांडी वाजवली. बाहेर आले तेव्हा कोपऱ्यातल्या पुदिन्याची एक काडी कमी होती. पुदिना तर त्यांच्या परसात माजलाय.

आई, इकडे सगळे ठीक आहेत. बाबांना नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो दुरून नको, इथे येऊन कर. श्रावणात डेलिया फुलतील. तुला एकही कंद मी टपालाने पाठवणार नाही आणि हातात देणारही नाही. गच्चीवर एक कुंडी रिकामी ठेव आणि येताना टोपली घेऊन ये. तू अंगणात बसलीस की मी कषाय करायला आत जाईन. दूध अजून काढायचं असेल, त्यामुळे मला बाहेर यायला बराच वेळ लागेल.

तुझी,
सहना